जेरोमचा ड्रॅगन

जेरोमला मी कधीही कलावंत म्हटलं नाही. तो स्वतःच दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा, की त्यात आणखी कुणी भर घालायची गरज नव्हती.

वसईतली आमची इमारत त्याच्या बापाच्या वाडीवर उभी आहे. माझं स्वयंपाकघर आहे तिथे पूर्वी केळी होत्या, असं त्याची आई मला दर भेटीत ऐकवायची, जशी काही ती बाग मीच तोडली होती. जमीन दिली म्हणून बिल्डरकडून त्यांना वरचे काही फ्लॅट आणि खाली रस्त्याच्या कडेचा एक गाळा मिळाला. फ्लॅटच्या भाड्यावर घर चालायचं आणि गाळ्यात जेरोम कला करायचा. पोटाची चिंता नसलेल्या माणसाने कला करू नये असं माझं म्हणणं नाही. माझी हरकत त्या ॲप्रनला होती.

ॲप्रन चामड्याचा, गुडघ्यांच्या खाली येणारा. मे महिन्यात आमच्याकडे सुती ब्लाउजसुद्धा अंगाला चिकटून बसतो. त्या दिवसांत हा गृहस्थ जाड चामडं बांधून, पांढरी दाढी छातीवर सोडून, तोंडात रिकामा पाइप धरून गाळ्याच्या दारात उभा असायचा. पाइपमध्ये तंबाखू कधीच नसे, कारण धुराने त्याला खोकला यायचा. अंगठ्यात चांदीची जाडजूड अंगठी. ती काम करताना आड यायची म्हणून काम करताना काढून ठेवायचा आणि गिऱ्हाईक दिसलं की घालायचा. हे मी माझ्या गॅलरीतून रोज बघत होते. मराठीची शिक्षिका म्हणून जन्मभर सोंगं पाहिलीत, पण त्यातली बहुतेक दहावीनंतर सुटतात. याचं साठी आली तरी सुटलं नव्हतं.

तो बनवायचा वहीवर चढवायची चामड्याची कव्हरं. 'वही' म्हटलं की दुखावायचा. "जर्नल, टीचर, जर्नल." त्या कव्हरांवर पंख पसरलेले ड्रॅगन, बुंध्यात डोळा असलेली झाडं, दोन-दोन चंद्र उगवलेले किल्ले, शिंगवाले घोडे. दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत ड्रॅगनची गुहा असं काहीतरी लिहिलेलं. गुहा म्हणजे दोन ट्यूबलाइट, एक टेबलफॅन आणि पाण्याचा कॅन.

हात वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. चामडं ओलं करायचा, पात्याने रेघ ओढायचा, मग लोखंडी ठसे धरून लाकडी हातोडीने ठोकत बसायचा. भोवतालचं चामडं दबलं की चित्र वर उठून यायचं. दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंनी शिवायचा आणि शिवण सरळ यायची. पण ही ठोकाठोक नेमकी दुपारी, मी शाळेतून येऊन आडवी झाले की सुरू. एकदा खाली जाऊन मी म्हटलं, "जेरोम, दोन ते चार जरा हातोडी ठेवाल का?"

"टीचर, चामड्यात ओल असते तेवढ्यातच ते ऐकतं. वाळलं की ऐकत नाही."

"माणसांना झोप लागते."

"तुम्हाला नाही कळणार," तो म्हणाला.

हे त्याचं आवडतं वाक्य. शांतपणे, मान किंचित तिरकी करून, समोरच्याची कीव केल्यासारखं म्हणायचा. वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला आला तरी त्याला हेच.

गिऱ्हाइकं त्याच्या लायकीचीच मिळाली. शनिवार-रविवारी मुंबईहून राजोडीच्या किनाऱ्यावर येणारी तरुण मंडळी परतताना त्याच्याकडे थांबायची. मग जेरोमचं भाषण. मला ते तोंडपाठ आहे, कारण ते थेट माझ्या खिडकीत यायचं. "हे बघा, हे रंग न लावलेलं चामडं. आज फिकट आहे. तुमचे हात लागतील, घाम लागेल, आणि जिथे जिथे लागेल तिथे ते गडद होत जाईल. चामडं स्पर्श विसरत नाही." मुली "वॉव" म्हणायच्या, मुलं फोन काढायची. कव्हर छातीशी धरून फोटो, दारात बसून फोटो, जेरोमच्या दाढीसकट फोटो. त्यातल्या एकानेही कधी त्या वहीत ओळ लिहिली असेल असं मला वाटत नाही. एकीला मी विचारलं, काय लिहिणार यात? ती म्हणाली, "आंटी, इतकं सुंदर आहे, खराब नाही करणार."

जेरोम स्वतः तरी काय लिहायचा? काही नाही. बाजाराची यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर करायचा. राक्षस आणि पऱ्यांच्या गोष्टी तरी वाचल्यात का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, मी वाचत नाही, मला दिसतं.

त्याला काय दिसायचं ते अर्नाळ्याच्या हिराबाईने उघडं पाडलं. हिराबाई टोपलीतून मासे घेऊन दारोदार येते. जेरोमने तेव्हा नवीन डिझाइन काढलं होतं: दोन ड्रॅगन, एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकलेला, अंगं खाली लोंबलेली. याचा अर्थ अनंतकाळ, असं तो महिनाभर सांगत होता. ते मोठं करून त्याने काचेत लावलं. हिराबाईने टोपली पायरीवर टेकली, काचेला नाक लावलं आणि मला हाक मारली.

"काय गो बाय, यो बोंबिल कोनी सुकत घातलाय?"

मी बघितलं आणि मला माझं हसू आवरेना. अर्नाळ्याला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालतात ते असेच, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून. तो लांबट उघडा जबडा, ते सुईसारखे दात, ते मऊ लोंबतं अंग. लहानपणापासून जेरोमने तेच पाहिलं होतं आणि ड्रॅगन काढायला बसला की हातातून तेच उतरायचं. त्याच्या सगळ्या ड्रॅगनांना मागून पंख लावलेले होते, इतकंच.

"हा ड्रॅगन आहे," जेरोम आतून गुरगुरला.

"असंल बाबा. पन वाळला नाय अजून," हिराबाई म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

त्याने ते डिझाइन काचेतून हटवलं नाही. उलट त्याखाली 'अनंत' अशी चिठ्ठी लावली.

पावसाळ्यात तर कहर. आमच्या भागात श्रावणात चपलांनासुद्धा बुरशी येते, मग याच्या कव्हरांना न येऊन कसं चालेल? सगळ्या ड्रॅगनांवर पांढरी लव चढली. दुसरा कुणी फडकं घेऊन पुसत बसला असता. जेरोमने तिचं नाव ठेवलं चांदण्याची धूळ आणि ती कव्हरं वेगळ्या फळीवर मांडली. आणि ती विकली गेली! त्या दिवशी मला जेरोमपेक्षा घेणाऱ्यांची जास्त किळस आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू कणकवलीच्या, सरळ बाई. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा खाली चामड्याचं दुकान आहे म्हणून त्या त्याच्याकडे गेल्या. दोन टाके, दोन मिनिटांचं काम. जेरोमने चप्पल बोटांच्या चिमटीत धरून परत दिली. "काकू, मी मोची नाही." काकू ओशाळल्या आणि अनवाणी वर आल्या. मला राग आला तो नकाराचा नव्हता. ते वाक्य त्याने ज्या सुरात म्हटलं तो सूर माझ्या ओळखीचा होता. तो त्याच्या आईचा होता.

मोनिकाबाई. ऐंशी उलटलेल्या, अजून जुन्या पद्धतीचं लाल लुगडं नेसणाऱ्या, कमरेत वाकलेल्या पण आवाज खणखणीत. मुलगा चामडं कुटतो याची त्यांना लाज होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. "आमच्या घरात केळी पिकली, विड्याची पानं पिकली. ढोराची कातडी कधी आली नव्हती." वर पुन्हा त्यावर सैतानाची चित्रं. चर्चला जायचा रस्ता गाळ्यावरूनच जातो. म्हातारी रोज गाळ्याच्या अलीकडे रस्ता ओलांडायची, पलीकडच्या कडेने नाकाला पदर लावून जायची आणि पुढे जाऊन परत या बाजूला यायची. रिक्षा, डंपर, काही असो. पिढ्यान्‌पिढ्या दर रविवारी 'देवासमोर सगळे सारखे' ऐकणारी ही माणसं, पण चामड्याचं नाव निघालं की आमच्या साताऱ्याच्या आळीइतकीच सोवळी. मला त्यांचं हसू यायचं, आणि आमच्या आळीची आठवण येऊन हसू विरायचं.

घरात मायलेक दोघंच; बहीण लग्न होऊन गोव्याला. जेरोमने लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी हात तीन वेळा साबणाने धुतल्याशिवाय म्हातारी त्याला ताट वाढत नसे.

एका दुपारी हातोडी थांबली म्हणून मी खाली डोकावले, तर जेरोम ॲप्रन न घालता बसला होता. मला म्हणाला, "टीचर, बसा." मी स्टूल ओढलं. चर्चमध्ये नवीन फादर आले होते. तरुण, उत्साही. बायबलमधल्या शुभवर्तमानाच्या मोठ्या ग्रंथाचं जुनं आवरण कसरीने खाल्लं होतं आणि सणाच्या आत नवं करून द्या म्हणून त्यांनी जेरोमला सांगितलं होतं.

त्या चर्चचा पालक मायकल देवदूत, हातात भाला आणि पायाखाली ड्रॅगनच्या रूपातला सैतान. आणि त्याच्या सणाला, तसंच वर्षातल्या इतर मोठ्या सणांनाही, तिथे एक रीत आहे. मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, संपली की फादर तो ग्रंथ वेदीपुढे उभा धरतात आणि लोक रांगेने येऊन त्याचं चुंबन घेतात. रांगेत पहिला मान गावातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचा.

"म्हणजे आई," जेरोम म्हणाला.

त्याने टेबलावरची अंगठी उगाच फिरवली.

"इतकी वर्षं झाली. तिने माझं एक काम हातात घेतलेलं नाही, टीचर. बघितलेलंसुद्धा नाही. या वेळी तिला ओठ लावावे लागतील." आणि मग, बहुधा आपण जास्त बोललो असं वाटून, पाइप तोंडात घालून म्हणाला, "तुम्हाला नाही कळणार."

कळायला त्यात अवघड काही नव्हतं. मला त्याची दया आली आणि ती आल्याचा वैतागही आला, कारण मला हा माणूस नावडायची सवय झाली होती.

पुढचे आठवडे हातोडी सकाळपासून. मी तक्रार केली नाही. सणाच्या आदल्या दिवशी त्याने मला काम बघायला बोलावलं. टेबलावर आवरण मिटून ठेवलेलं होतं आणि सबंध दर्शनी बाजू ड्रॅगनने भरली होती. खवला न् खवला कोरलेला, पंखांच्या शिरा, वेटोळी शेपटी, मधोमध बोंबलासारखा वासलेला जबडा आणि त्यातले दात इतके वर उठवलेले की बोटाला टोचावेत. त्याने आजवर केलेलं सगळ्यांत चांगलं काम होतं, यात वाद नाही.

"देवदूत कुठेय?" मी विचारलं.

त्याने वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. अंगठ्याएवढा देवदूत, हातात काडीएवढा भाला.

"ड्रॅगन पायाखाली असतो ना?"

"मग आहेच की. पाय वर आहेत, ड्रॅगन खाली आहे."

"जेरोम, हे लोकांनी ओठ लावायचं आहे. तुमच्या आईने लावायचं आहे."

"देवदूत सगळेच काढतात, टीचर. असा ड्रॅगन कुणी काढून दाखवावा."

मी आवरण उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. ना रेघ, ना रंग, नुसतं फिकट चामडं. तिथे वसईचा किल्ला यायचा होता, पण सगळा वेळ शेपटीने खाल्ला. त्याने घाईने माझ्या हातातून घेतलं. "मागे बघू नका. ते राहिलंय."

ज्या एका माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तिला सैतानाची किती चीड आहे हे गावाला ठाऊक होतं. हा तर तिच्याच हातचं जेवत होता. तरी याला ड्रॅगन आवरला नाही. असल्या माणसाला काय म्हणायचं?

सणाला मी गेले. जेरोमने कोट घातला होता, दाढी विंचरली होती आणि तो गायकवृंदाच्या बाजूला खांबाशी उभा होता, जिथून वेदी नीट दिसते. मिस्सा संपली. फादरांनी ग्रंथ उभा धरला. त्यांचा डावा अंगठा नेमका वरच्या कोपऱ्यावर आला आणि त्याखाली देवदूत पुरता झाकला गेला. उरला तो फक्त जबडा, बरोबर माणसाच्या तोंडासमोर. शेजारी चर्चचे जुने सेवक पास्कू पांढरा नॅपकिन घेऊन उभे. प्रत्येकाच्या चुंबनानंतर पुसायचं काम त्यांचं.

मोनिकाबाई पुढे आल्या. चष्मा सारखा केला. बघितलं. मला खांबाजवळचा जेरोम दिसत होता, त्याने दोन्ही हातांनी कोटाच्या कडा धरल्या होत्या.

म्हातारीने फादरांच्या हातातला तो जड ग्रंथ दोन्ही बाजूंनी धरला, सावकाश फिरवला आणि कोऱ्या बाजूचं चुंबन घेतलं. क्रुसाची खूण केली आणि मुलाकडे न बघता आपल्या बाकावर जाऊन बसली.

तिच्यामागच्या बाईनेही ओठ त्याच बाजूला लावले. तिच्या मागच्यानेही. फादर गोंधळले, पण ग्रंथ तसाच धरून राहिले. सबंध रांग संपेपर्यंत ड्रॅगनचं तोंड फादरांच्या पोटाकडे होतं. बाहेर पडताना लोक दबक्या आवाजात हसत होते आणि आपण फार धार्मिक असल्यासारखे मोनिकाबाईंच्या पाया पडत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मुलांनी जेरोमची बुरशी आवडीने विकत घेतली होती.

जेरोम शेवटपर्यंत खांबाशी उभा राहिला. त्याला पळून जावंसं वाटलं नाही याचं मला नवल वाटलं. घरी येताना त्याने मला गाठलं. "कॉम्पोझिशन चुकलं, टीचर. देवदूत जरा मोठा हवा होता."

"जेरोम, तुमची आई—"

"तिला नाही कळणार," तो म्हणाला. पण मान तिरकी झाली नाही.

त्यानंतर त्याने गाळा उघडणं कमी केलं. दुपारी मला शांतता मिळू लागली आणि झोप लागेना. म्हातारीने आपला शिरस्ता सोडला नाही. गाळा बंद असला तरी रस्ता ओलांडायचीच. उन्हाळ्यात ती गेली, आजारी न पडता, हातातल्या माळेवर रोजरी म्हणता म्हणता. जेरोमने दाढी कापली. दाढीखाली अगदी साधा, हनुवटी नसलेला चेहरा निघाला, थेट आईचा.

आता गाळ्यात मोमो मिळतात आणि जेरोम बहिणीकडे गोव्याला असतो. काय करतो ते मी विचारलं नाही. मला तो शेवटचा दिसला पुढच्या वर्षीच्या सणाला. सावंतकाकूंना चर्च बघायचं होतं, त्यांच्यासोबत मी गेले होते. काकू चर्चमध्ये शिरताना चपला दाराशी काढून आल्या. ग्रंथावर आवरण तेच होतं, बदलायला कुणाला सवड झाली नव्हती. फादर आता सवयीने कोरी बाजूच पुढे धरत होते. आणि ती कोरी राहिली नव्हती. सणासुदीला सबंध गावाचे ओठ आणि बोटं लागून मधोमध तळहाताएवढा डाग पडला होता, गर्द, तुकतुकीत, जुन्या पाटासारखा. भोवतालचं चामडं अजून फिकट होतं.

जेरोम रांगेत होता. कोट नाही, अंगठी नाही. त्याची पाळी आली तसं पास्कूंनी फादरांच्या कानाला लागून काही सांगितलं आणि दोघांनी मिळून, त्याला बरं वाटावं म्हणून, ग्रंथ फिरवून ड्रॅगन त्याच्यापुढे धरला.

तो क्षणभर स्वतःच्या कामाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही नको. आईची बाजू द्या."

त्यांनी ग्रंथ फिरवला. आधीच्या माणसाच्या ओठांची ओल पुसायला पास्कूंनी नॅपकिन पुढे केला, तर जेरोमने त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नका," तो म्हणाला, आणि वाकला.